घरबसल्या इंटिरिअर डिझाइन शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत राहते. नोकरी सांभाळून दूरशिक्षणानं इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा केला आणि आता घरांचीच कामं करते. ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो, "माझ्या मुलीला विचारायचंय", "मिसेसना हा कोर्स करायचाय", आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. एकदा सगळी उत्तरं नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं.

हा विषय घरी बसून खरंच शिकता येतो का?

कागदावरचा सगळा भाग येतो. प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), एलिव्हेशन (समोरून दिसणारी बाजू), सेक्शन (उभा छेद) काढणं, माणसाच्या शरीराची मापं, रंग, प्रकाश, साहित्याची ओळख, अंदाजपत्रक हे घरी बसून शिकता येतं, आणि मन लावून केलं तर उत्तम येतं. येत नाही ते हाताचं शिक्षण. प्लायची कड बोटाला कशी लागते, भिंत ओळंब्यात नाही हे नजरेला कसं कळतं, मिस्त्री "होईल की" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हो असतो की नाही, हे कुठल्याच व्हिडिओत नसतं.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ते आपोआप मिळतं असंही नाही, पण त्यांना शेजारच्या टेबलावरचं काम दिसतं. तुमच्या शेजारी कुणी नसणार. म्हणून पहिल्या महिन्यापासून ती उणीव भरून काढायची तजवीज स्वतः करावी लागते. कशी, ते पुढे सविस्तर लिहिलंय, कारण माझ्या मते या सगळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

मान्यता आहे की नाही हे कसं तपासायचं?

आधी तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा. इंटिरिअर डिझायनर म्हणून स्वतंत्र काम करायला आपल्या देशात कुठलाही परवाना लागत नाही. त्यामुळे स्वतःचा व्यवसायच करायचा असेल तर कागदापेक्षा शिकवण्याचा दर्जा पाहा. पण पुढे पदव्युत्तर शिक्षण, शिक्षकी पेशा किंवा सरकारी नोकरी मनात असेल, तर मान्यतेशिवाय पाऊल टाकू नका.

दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या पदवीसाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, मान्यता लागते. ती नुसती विद्यापीठाला असून भागत नाही, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या विशिष्ट सत्राला असावी लागते. डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव घालून यादी उघडायची आणि आपला अभ्यासक्रम त्यात शब्दशः आहे का ते बघायचं. मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, २०२० च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. प्रवेश घेताना तुम्हाला डीईबी-आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक, काढावा लागेल. तो स्वतःच काढा, एजंटाच्या हाती आधार आणि ओटीपी देऊ नका.

आणखी एक गोष्ट. "अमुक विद्यापीठाचं केंद्र आमच्याकडे आहे, पदवी तिकडची, क्लास इकडे" असं सांगणारी दुकानं जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच दिसतात. विद्यापीठाला आपला दूरशिक्षणाचा कारभार असा फ्रँचायझीवर चालवायला परवानगी नाही. केंद्राचं नाव विद्यापीठाच्या स्वतःच्या यादीत नसेल तर तिथून उठून यावं.

हे मी पोळलेल्या बोटांनी लिहितेय. डिप्लोमाच्या आधी मी एका खासगी संस्थेत वर्षभराचे पैसे एकरकमी भरले होते. पुस्तिका छान गुळगुळीत होत्या. मी पाठवलेल्या ड्रॉइंगच्या बारा शीटपैकी एकीवरही कुणाच्या पेन्सिलीची खूण आली नाही, फक्त "गुड" असा शिक्का. प्रमाणपत्र आलं ते लॅमिनेट करून. पैशांपेक्षा त्या वर्षाची हळहळ मला अजून वाटते. म्हणून आता मी सगळ्यांना एकच सांगते: प्रवेशाआधी संस्थेकडून एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली शीट मागा, नाव झाकून दिली तरी चालेल. त्यावर लाल रेघा, बाण, "इथं दार उघडल्यावर कपाटाला लागतंय" अशा सूचना असतील तर तिथं शिकवणारी माणसं आहेत.

महाराष्ट्रात पर्याय कुठले?

मुक्त शिक्षणासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि देशपातळीवर इग्नू (१९८५) ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांचे अभ्यासक्रम सुरू होतात, बंद होतात, नावं बदलतात. त्यामुळे चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडूनच निर्णय घ्या, तीन वर्षांपूर्वी कुणी काय केलं त्यावरून नको. जवळपास एखाद्या तंत्रनिकेतनात किंवा महिला महाविद्यालयात इंटिरिअरचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असेल आणि तुम्हाला जाणं शक्य असेल, तर मी तोच घ्या म्हणेन. दूरशिक्षण हे ज्यांना रोज जाता येत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासाठी ते फार मोलाचं आहे.

हा कोर्स करून मी आर्किटेक्ट होईन का?

नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेली व्यक्तीच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकते, आणि आर्किटेक्चरची पदवी दूरशिक्षणानं देताच येत नाही. पाटीवर, कार्डावर, इन्स्टाग्रामवर "इंटिरिअर डिझायनर" लिहा.

ही फक्त नावाची गोष्ट नाही. कॉलम, बीम आणि स्लॅबला आपण हात लावायचा नाही. क्लायंट म्हणतात, "ही भिंत काढली की हॉल मोठा होईल." ती नुसती चार इंची आडभिंत आहे की तिच्यावर काही पेललंय, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर लिहून देईल आणि सोसायटी परवानगी देईल, मगच घण पडला पाहिजे. शिकत असताना प्रत्येक प्लॅनवर कॉलम गडद भरून दाखवायची सवय लावून घ्या.

मला चित्रकला येत नाही. चालेल?

चालेल. इथं लागतं ते मापातलं रेखाटन, आणि ते सरावानं येतं. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर भूमितीच्या पेपरात जे केलंत तेच इथं कामाला येतं. स्थिरचित्र चांगलं आलं होतं की नाही, यानं काही अडत नाही.

संगणकावर लगेच सुरुवात करू की हातानं?

पहिले चार-सहा महिने हातानं. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन सेटस्क्वेअर, स्केल आणि एचबी, टूएच पेन्सिली एवढं पुरतं. १:५० या प्रमाणात हातानं प्लॅन काढला की दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर हे डोळ्यांत बसतं. स्क्रीनवर हवं तेवढं झूम करता येतं, म्हणून तिथं हा अंदाज तयार होत नाही. मी पाहिलेल्या नवख्या कामांत सर्वांत जास्त चूक हीच असते: सोफा आणि टीपॉयच्या मध्ये सात इंच जागा सोडलेली, आणि ड्रॉइंगमध्ये दिसायला अगदी सुरेख.

नंतर ऑटोकॅड आणि स्केचअप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर शिका. पात्र संस्थेच्या विद्यार्थ्यांना ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी शैक्षणिक परवाना मोफत देते, स्केचअपची ब्राउझरवर चालणारी मोफत आवृत्ती आहे, आणि ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर तर सगळ्यांनाच मोफत आहे. चोरीची सॉफ्टवेअर टाकू नका. लॅपटॉपला टूडी कामापुरती ८ जीबी रॅम चालते, थ्रीडी रेंडर, म्हणजे खोलीची फोटोसारखी चित्रं, काढायचे असतील तर १६ हवी.

पुस्तकातली मापं आणि आपली घरं यांचा मेळ कसा बसवायचा?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण माझा खरा अभ्यास इथूनच सुरू झाला.

दुसऱ्या असाइनमेंटला स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघराचा अभ्यास करायचा होता. आमचा ओटा चौतीस इंचांचा, कडाप्प्याचा, वडिलांनी घर बांधलं तेव्हाचा. आई पाच फुटांची. ती भाकरी थापताना नेहमी ओट्यासमोर जमिनीवर लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहायची. मी लहानपणापासून ते बघत आले होते आणि ती तिची सवय आहे असंच धरून चालले होते. त्या दिवशी टेप लावला. उभं राहून हात कोपरात वाकवला तर तिचं कोपर जमिनीपासून सदतीस इंचांवर. म्हणजे ओटा कोपराच्या फक्त तीन इंच खाली. उभ्यानं करायचं हलकं काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली सोयीचं पडतं, आणि जिथं अंगाचा भार द्यायचा असतो तिथं पृष्ठभाग आणखी खाली हवा. भाकरी थापणं, कणीक मळणं ही भाराची कामं. पाट अडीच इंचांचा होता. आईनं कुठलंही पुस्तक न वाचता ते अंतर साडेपाच इंचांवर आणलं होतं.

पाश्चात्त्य पुस्तकांतली काउंटरची उंची साधारण छत्तीस इंच असते. ती तिथल्या माणसांच्या उंचीला आणि तिथल्या स्वयंपाकाला धरून आहे. आपल्याकडे एकाच ओट्यावर भाकरी, फोडणी आणि भांडी असतात. सिंकमधली भांडी तर ओट्याच्या पातळीच्याही सहा-सात इंच खाली असतात, म्हणून सिंकपाशी ओटा उंच असला तर कंबर कमी दुखते, आणि थापण्या-मळण्याची जागा खाली हवी. आता मी प्रत्येक कामात जिथं जागा मिळेल तिथं दोन पातळ्या करते, आणि उंची ठरवण्याआधी घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, किंवा बुवांना, प्रत्यक्ष उभं करून कोपर मोजते.

तुमच्या असाइनमेंटमध्ये असंच करा. कपाटाची खोली चोवीस इंच का, तर हँगरला अडकवलेला शर्ट तेवढी जागा घेतो. साडीचं काय, घडी घालून ठेवतात की हँगरला? गणपतीच्या दिवसांत मखर कुठं बसतं? पाहुणे जमिनीवर गाद्या टाकून झोपतात तेव्हा दार उघडतं का? आजोळी जुना वाडा असेल तर त्याचं मोजमाप करून ड्रॉइंग करा. ओटी, सोपा, माजघर, भिंतीतलं फडताळ, कोनाडा, खुंटी: साठवणीचा एवढा विचार केलेली जागा तुम्हाला कुठल्या कॅटलॉगात मिळायची नाही.

कामाच्या जागेचा अनुभव कुठून आणायचा?

मागून घ्यायचा. मी आमच्या गल्लीत चाललेल्या एका फ्लॅटच्या कामावर गेले आणि तिथल्या सुतारमामांना विचारलं, "रविवारी येऊन नुसतं बघत बसले तर चालेल का?" ते म्हणाले, "बसा की, पण भुसा उडतोय." तीन महिने दर रविवारी गेले. चहा मी न्यायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, इथं तीन सूत सोडू का?" मला मिलिमीटर पाठ होते, सूत माहीत नव्हतं. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. कारखान्यातून येणारं मॉड्युलर काम मिलिमीटरमध्ये चालतं, पण आमच्याकडे जागेवर बसून काम करणारा सुतार अजून इंच-सुतात बोलतो. तुम्हाला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत.

तिथंच खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते कसं बघतात ते शिकले. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात. पाच फूट दोन इंच भरलं तर तुमचं कपाट कोपऱ्यात फाकणार. शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत मला खऱ्या अर्थानं त्या दिवशी कळला.

एवढं शिकूनही माझ्या पहिल्या कामात चूक झालीच. दोन भिंतींमधल्या कोनाड्यात वॉर्डरोब करायचा होता. मी रुंदी जमिनीलगत मोजली, सहा फूट. वरच्या बाजूला भिंतीचं प्लास्टर फुगलेलं होतं आणि तिथं पाच फूट अकरा इंचच भरत होतं. तयार झालेला सांगाडा वर अडकला. सुतारानं तो उतरवला, बाजू रंधून काढल्या, एक फळी नवीन लागली, तिचे पैसे मी दिले. तेव्हापासून रुंदी तीन ठिकाणी मोजते, खाली, मधे, वर, आणि सर्वांत कमी असेल ते माप धरते. हे वाक्य माझ्या पुस्तिकेत छापलेलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

बिल्डरच्या ब्रोशरमधला प्लॅन असाइनमेंटला वापरू का?

सरावाला वापरा, कामाला कधीच नाही. त्यात प्लास्टर आणि टाइल्सची जाडी धरलेली असेलच असं नाही. शिवाय रेराच्या २०१६ च्या कायद्यातल्या कार्पेट एरियात घराच्या आतल्या आडभिंतींची जागा मोजली जाते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणून खोल्यांची बेरीज कार्पेट एरियापेक्षा कमी भरते आणि विद्यार्थी गोंधळतात.

साहित्य न बघता साहित्य कसं शिकायचं?

न बघता शिकू नका. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे, मुंबईत दिव्यांसाठी लोहार चाळ, हार्डवेअरसाठी नागदेवी. तुमच्या तालुक्याच्या गावीही एक प्लायवाला आणि एक टाइलवाला असतोच. दुपारी गिऱ्हाईक नसताना जा, विद्यार्थी आहे म्हणून सांगा, तुकडे मागा. लॅमिनेटचे नमुने, बिजागऱ्या, चॅनेल, कोटा, शहाबादी, कडाप्पा यांचे छोटे तुकडे असा माझा एक लाकडी खोका आहे. क्लायंट आजही कॅटलॉग बाजूला ठेवून त्या खोक्यात हात घालतात.

प्लायचा एक प्रयोग नक्की करा. आयएस म्हणजे भारतीय मानक: आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा, आयएस ७१० पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा. मानकाप्रमाणे मरीन प्लायनं ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवं. मी एक शिक्का नसलेला स्वस्त तुकडा आणि एक ७१० चा तुकडा जुन्या पातेल्यात चार तास उकळले. पहिला वहीच्या पानांसारखा सुटला. दुसरा तसाच्या तसा. सिंकखालच्या कपाटाला कुठला प्लाय वापरायचा हे मला त्यानंतर कुणी सांगावं लागलं नाही. कोकणात, गोव्यात काम करणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं, तिथली दमट हवा सगळ्याची परीक्षा घेते.

इंग्रजी कच्चं आहे.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत हे खरं. पण शब्द मोजके आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात, तीन-चार महिन्यांत सरावतात. एक वही करा, डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे साइटवरचा. प्लंब म्हणजे ओळंबा, लेव्हल म्हणजे पाणसळ, प्लेन म्हणजे रंधा, चिझल म्हणजे पटाशी, हिंज म्हणजे बिजागरी, किचन प्लॅटफॉर्म म्हणजे ओटा. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना मी ही वही उजवीकडून डावीकडे करायला सांगते. त्यांची अडचण उलटी असते.

नोकरी, घर, मुलं सांभाळून वेळ पुरतो का?

आठवड्याला दहा-बारा तास मिळत असतील तर पुरतो. मात्र ते सलग हवेत. ड्रॉइंग अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होत नाही, बोर्डवर शीट लावेपर्यंतच पंधरा मिनिटं जातात. मी शनिवारची दुपार आणि रविवारची संध्याकाळ घरच्यांशी बोलून पक्की करून घेतली होती. बोर्ड मांडलेला ठेवायला एक कोपरा मिळवा, रोज गुंडाळावा लागला की अभ्यास मागे पडतो. वयाची काळजी करू नका. घर चालवलेल्या बाईला साठवण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

वास्तुशास्त्र शिकवतात का?

काही ठिकाणी एखादा धडा असतो. क्लायंट विचारणारच, तेव्हा त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून हवा, उजेड आणि पाण्याच्या नळांची वाट बिघडू न देता जमेल ते करावं.

कोर्स संपल्यावर काम कसं मिळतं, आणि पैसे कसे घ्यायचे?

लगेच स्वतःचं सुरू करू नका. वर्ष-दोन वर्षं एखाद्या डिझायनरकडे किंवा कंत्राटदाराकडे काम करा, पगार कमी असला तरी. कोटेशन कसं बनतं, मापं लिहून बिल कसं तपासतात, रंगारी आणि इलेक्ट्रिशियन यांत आधी कोण, हे तिथं कळतं. पोर्टफोलिओत रेंडरपेक्षा प्रत्यक्ष मोजलेल्या जागांची ड्रॉइंग घाला. मुलाखत घेणाऱ्यांना ती जास्त पटतात, हा माझा अनुभव.

फी चौरस फुटावर, कामाच्या खर्चाच्या टक्क्यावर किंवा ठोक रकमेत घेतात. कुठलीही घ्या, पण लिहून घ्या: किती बैठका, किती बदल, साइटवर किती फेऱ्या. दुकानदाराकडून गुपचूप कमिशन घेऊ नका. क्लायंटला ते उशिरा का होईना कळतं आणि लहान गावात नाव एकदाच जातं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते.

परदेशात हा डिप्लोमा चालतो का?

अमेरिकेत एनसीआयडीक्यू नावाची परीक्षा आहे. तिला शिक्षण आणि कामाचा अनुभव दोन्ही लागतं, आणि काही राज्यांत त्याशिवाय ठरावीक पदनाम वापरता येत नाही. तिकडे जायचं नक्की असेल तर आपला अभ्यासक्रम तिथं धरतात का, हे प्रवेशाआधीच पत्र पाठवून विचारा. आखातात अनुभव आणि ड्रॉइंगचं कौशल्य बघतात असं तिथं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी सांगतात.

प्रवेशाला अजून दोन महिने आहेत. तोवर काय करू?

पाच मीटरचा टेप घ्या, त्यावर इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असावेत. आज झोपायच्या खोलीपासून सुरुवात करा. लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण, खिडकीची जमिनीपासून उंची, दाराची जाडी, स्विचबोर्डाची जागा, पंख्याच्या पात्यापासून माळ्यापर्यंतचं अंतर. चौरस आखलेल्या वहीत प्लॅन काढा. मग घरातल्या सगळ्यांना एकेक करून विचारा की या खोलीत तुम्हाला रोज काय अडतं, आणि त्यांनी दाखवलेली जागा प्लॅनवर लाल पेन्सिलीनं खूण करा. माझ्या पहिल्या प्लॅनवर आजीनं दाखवलेली खूण पलंगाच्या उशाशी होती. तिथं रात्री पाण्याचा तांब्या ठेवायला जागा नव्हती.